पॉलिमरेज एकाच दिशेने का चालतं, आणि त्याच्याभोवती एवढी प्रथिनं कशाला?

टी.वाय.ला मायक्रोबायॉलॉजी घेतलेल्या एका मुलीने विचारलंय: "डीएनए रेप्लिकेशनमधल्या प्रथिनांची नावं पाठ करते आणि परीक्षा झाली की विसरते. पॉलिमरेज एकाच दिशेने चालतं म्हणून दुसरी साखळी तुकड्यांत बनवावी लागते. मग उलट्या दिशेने चालणारं एखादं पॉलिमरेज का नाही? आरएनएचा प्रायमर घालायचा आणि परत काढून टाकायचा, हे कशासाठी? आणि खरं काम पॉलिमरेज ३ करतं, तर नोबेल पॉलिमरेज १ शोधणाऱ्याला कसं मिळालं?"

तुझे तिन्ही प्रश्न आतून एकमेकांना जोडलेले आहेत. रेप्लिकेशन म्हणजे पेशीने आपल्या डीएनएची नक्कल काढणं. पुण्यातल्या प्रयोगशाळांमध्ये मी सव्वीस वर्षं डीएनए हाताळते आहे, त्यातली बरीच वर्षं शिकवतेही. सुरुवातीला मीही फळ्यावर नावांची यादी लिहून द्यायचे आणि मुलं ती विसरायची. आता उलट्या टोकाने सुरू करते. आधी पॉलिमरेजला, म्हणजे जुनी साखळी साचा म्हणून वापरून नवी साखळी जोडणाऱ्या एन्झाइमला, काय जमत नाही ते बघायचं. मग त्या अडचणीतून एकेक प्रथिन आपोआप समोर येतं.

पॉलिमरेजला दोन गोष्टी जमत नाहीत. कोऱ्या जागेवर त्याला सुरुवात करता येत नाही, आधीपासून जोडी जमलेलं एखादं टोक लागतं. आणि ते एकाच दिशेने चालतं, ५' कडून ३' कडे.

ही ५' आणि ३' भानगड आधी पक्की कर. डीऑक्सिरायबोज साखरेत पाच कार्बन असतात. पाचव्या कार्बनवर फॉस्फेट असतं, तिसऱ्यावर हायड्रॉक्सिल, म्हणजे ओएच. नवीन न्यूक्लिओटाइड (साखळीतलं एक अक्षर) येतो तो तीन फॉस्फेट घेऊन येतो. साखळीच्या टोकाचं ३' हायड्रॉक्सिल त्यातल्या सगळ्यात आतल्या फॉस्फेटवर हल्ला करतं, बंध जुळतो आणि बाहेरचे दोन फॉस्फेट पायरोफॉस्फेट म्हणून सुटतात. पेशीतलं दुसरं एक एन्झाइम त्या पायरोफॉस्फेटचे लगेच दोन तुकडे करतं, त्यामुळे क्रिया मागे फिरत नाही. सगळा खेळ त्या ३' हायड्रॉक्सिलचा आहे. ते नसेल तर साखळी तिथेच थांबते. नागीण झाली की डॉक्टर असायक्लोव्हिर देतात ना, त्याचं काम असंच चालतं. विषाणूचं पॉलिमरेज त्याला न्यूक्लिओटाइड समजून साखळीत जोडतं, पण त्याला ३' हायड्रॉक्सिलच नसतं, म्हणून पुढचं अक्षर जोडता येत नाही. सँगरची १९७७ची सिक्वेन्सिंगची, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचायची, पद्धतही याच तत्त्वावर उभी आहे.

आता तुझा मुख्य प्रश्न. उलट्या दिशेने चालणारं पॉलिमरेज का नाही?

कागदावर तसं एक करून बघू. साखळी ३' कडून ५' कडे वाढते आहे असं धर. मग वाढत्या टोकावर ५' बाजू येणार आणि बंध जुळवायला लागणारी ऊर्जा, म्हणजे ते तीन फॉस्फेट, साखळीच्या टोकावरच असणार. नव्या न्यूक्लिओटाइडने आपलं हायड्रॉक्सिल पुढे करायचं आणि साखळीच्या टोकावरची ऊर्जा वापरून जोडून घ्यायचं. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यात काही चूक नाही.

पण चुकीचं अक्षर बसलं तर? चूक काढायची म्हणजे टोकाचा न्यूक्लिओटाइड तोडायचा. तो तुटला की त्याच्याबरोबर टोकावरचे तीन फॉस्फेटही गेले. मागे उरलेल्या टोकावर एकच फॉस्फेट. पुढचं अक्षर जोडायला ऊर्जाच नाही. एक चूक दुरुस्त केली आणि साखळी कायमची अडली.

खऱ्या पद्धतीत हे होत नाही. ५' कडून ३' कडे जाताना प्रत्येक येणारा न्यूक्लिओटाइड आपली शिदोरी आपणच घेऊन येतो. टोकाचं चुकलेलं अक्षर तोडलं तरी खाली ३' हायड्रॉक्सिल जसंच्या तसं राहतं आणि पुढचा आपल्या फॉस्फेटसह येऊन बसतो. चुका खोडत पुढे जायचं असेल तर सोपा, सरळ रस्ता हाच आहे. वर्गात हे सांगताना मी अजूनही थांबते, कारण मला स्वतःला हे कळलं त्या दिवशी रेप्लिकेशनचा सगळा धडा नव्याने वाचावासा वाटला होता. लॅगिंग, म्हणजे तुकड्यांत बनणाऱ्या साखळीची सगळी यातायात ही अचूकतेसाठी मोजलेली किंमत आहे.

चूक खोडण्याचं काम बरंचसं पॉलिमरेज स्वतःच करतं. त्यात दोन वेगळ्या जागा असतात, एक अक्षर जोडायची आणि एक तोडायची. पॉलिमरेज १च्या रचनेत या दोन जागांमधलं अंतर सुमारे ३ नॅनोमीटर आहे. चुकीची जोडी बसली की टोक नीट चिकटत नाही, पुढची जोडणी रेंगाळते. तेवढ्या वेळात ते सुटलेलं टोक सरकून तोडायच्या जागेत जातं, चुकीचं अक्षर निघतं आणि टोक परत येतं. पॉलिमरेज ३मध्ये हे काम एप्सिलॉन नावाचा घटक करतो. त्याच्या जनुकात बिघाड झालेले ई. कोलाय जीवाणू जिवंत राहतात, पण त्यांच्यात उत्परिवर्तनं कित्येक पटींनी वाढतात.

इथूनच प्रायमरचं उत्तर निघतं. प्रत्येक पावलाला "मागचं टोक नीट जोडीत आहे ना?" हे बघणाऱ्या एन्झाइमला मागे काहीच नसताना सुरुवात कशी करता येईल? तपासायला मागे टोकच नाही. म्हणून सुरुवात करायला दुसरं, कमी काटेकोर एन्झाइम लागतं. ते प्रायमेज. जीवाणूंत त्याचं नाव डीएनए-जी. ते कोऱ्या साच्यावर दहाबारा अक्षरांचा छोटा तुकडा, म्हणजे प्रायमर, बनवतं. पण तपासणी न करता बनवलेल्या तुकड्यात चुका असण्याची शक्यता जास्त, आणि तो कायम ठेवणं धोक्याचं. मग तो आरएनएमध्येच लिहायचा, म्हणजे "हे तात्पुरतं आहे" अशी खूण आपोआप त्यावर राहते. नंतर येणारं एन्झाइम आरएनए दिसला की काढतं आणि तिथे तपासून लिहिलेला डीएनए भरतं. पाडकाम करायच्या भिंतीवर आधीच चुन्याने फुली मारून ठेवावी, तसं.

लीडिंग, म्हणजे सलग बनणाऱ्या साखळीला तत्त्वतः एकच प्रायमर पुरतो. पण डीएनएच्या दोन साखळ्यांची तोंडं एकमेकींच्या उलट असतात. दुसऱ्या साखळीत साचा उलट्या बाजूने उघडत जातो, त्यामुळे थोडं उघडलं की मागे येऊन लिहायचं, आणखी उघडलं की परत मागे यायचं. हे जपानमधल्या नागोया विद्यापीठात रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या जोडप्याने १९६८च्या सुमारास दाखवून दिलं. त्यांची युक्ती बघण्यासारखी आहे. जीवाणूंना थंड करून डीएनएचं काम मंदावायचं, काही सेकंदच किरणोत्सारी थायमिडीन (डीएनएचा एक घटक) द्यायचं आणि लगेच क्रिया थांबवायची. एवढ्या कमी वेळात बनलेला डीएनए वेगळा करून पाहिला तर तो लहान तुकड्यांत सापडला. जास्त वेळ दिला की तेच तुकडे लांब साखळीत गेलेले दिसत. रेइजी लहानपणी हिरोशिमात होते. अणुबॉम्बच्या किरणोत्साराची झळ त्यांना लागली होती आणि १९७५मध्ये वयाच्या ४४व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने ते गेले. तुकड्यांच्या सुरुवातीला आरएनए प्रायमर असतो, हे पक्कं करण्याचं काम त्सुनेकोंनी पुढे चालू ठेवलं. पुस्तकात "ओकाझाकी फ्रॅगमेंट" एवढंच छापलेलं असतं. ती दोन माणसं आहेत, हे माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावं असं मला वाटतं.

जीवाणूंत हे तुकडे १,००० ते २,००० अक्षरांचे असतात, आपल्या पेशींत १०० ते २०० अक्षरांचेच. ई. कोलायचा डीएनए सुमारे ४६ लाख अक्षरांचा, गोल. एका जागेपासून दोन्ही दिशांना दोन फोर्क, म्हणजे साखळ्या विलग होण्याच्या जागा, निघतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २३ लाख. वेग सेकंदाला सुमारे १,००० अक्षरं. म्हणजे दर एक-दोन सेकंदाला नवा प्रायमर, नवा तुकडा, जुन्या तुकड्याची डागडुजी, आणि हे सलग चाळीस मिनिटं. "लॅगिंग" या नावामुळे ही साखळी संथ चालते असं मुलं लिहितात. ती संथ नसते. तिचा साचा एका फासासारखा वळून परत येतो, म्हणून दोन्ही साखळ्यांची पॉलिमरेजं एकाच गाठोड्यात, एकाच दिशेने फोर्कबरोबर पुढे जातात. फास वाढत जातो, तुकडा पुरा झाला की सुटतो आणि नवा तयार होतो.

पॉलिमरेज ३ नुसतं असेल तर दहावीस अक्षरं जोडून साच्यावरून निसटतं. त्याला धरून ठेवतो तो बीटा क्लॅम्प, डीएनएभोवती बसणारी प्रथिनाची गोल कडी. दोन अर्धगोल जुळून ती बनते आणि मधून डीएनए आरामात सरकतो. कडी मागून पॉलिमरेजला धरून ठेवते, मग हजारो अक्षरं सलग लिहिता येतात. पण बंद कडी डीएनएवर चढणार कशी? त्यासाठी क्लॅम्प लोडर लागतो. मी वर्गात तुळशीबागेतल्या कासाराचं उदाहरण देते. काचेची बांगडी भरताना तो हात दाबतो आणि बांगडी अलगद चढवतो. इथे हात दाबला जात नाही, बांगडीच एका जोडावर उघडते. लोडर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बांधून कडी उघडतो, डीएनएभोवती ठेवतो, एटीपी खर्च झाला की कडी मिटते आणि तो दूर होतो. लॅगिंग साखळीवर प्रत्येक तुकड्यासाठी नवी बांगडी.

आता साचा उघडण्याचा भाग. सुरुवातीची जागा, ओरी-सी, सुमारे २४५ अक्षरांची. तिच्यावर डीएनए-ए प्रथिनं जमतात आणि ए-टी जोड्या जास्त असलेला भाग थोडा सुटतो, कारण ए-टीमध्ये दोनच हायड्रोजन बंध आणि जी-सीमध्ये तीन. मग डीएनए-सीच्या मदतीने डीएनए-बी, म्हणजे हेलिकेज, चढवलं जातं. सहा घटकांची ही कडी लॅगिंग साखळीच्या साच्यावरून सरकते आणि दोन साखळ्या विलग करते. पेपरात मुलं हेलिकेजला कात्री म्हणतात. असं लिहू नकोस. ते साखळीचा कणा तोडत नाही, फक्त अक्षरांमधले हायड्रोजन बंध सोडवतं. उघड्या पडलेल्या साखळीने परत जोडी जमवू नये किंवा स्वतःतच गुंता करू नये म्हणून एसएसबी प्रथिनं तिला चिकटून राहतात.

हेलिकेजमुळे नवी अडचण उभी राहते, आणि ती हाताने अनुभवल्याशिवाय नीट कळत नाही. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून जाड, दोन पदरी सुतळी आण. एक टोक खिडकीच्या गजाला घट्ट बांध, दुसऱ्या टोकाचे दोन पदर दोन हातांत धर आणि हात न फिरवता एकमेकांपासून ओढ. वीतभर सहज सुटतील. मग ओढायला जड जायला लागेल. पुढे बघ, गजाजवळची सुतळी पिळून पिळून कडक झालेली असेल आणि तिच्यावर गाठीसारखे फुगे आलेले असतील. पदर सुटले, पण पीळ गेला नाही, पुढे ढकलला गेला. दरवर्षी मी मुलांना हे करायला लावते. मग कुणीतरी म्हणतं, "मॅडम, मध्ये कापून पीळ सोडवला तर?" तेच टोपोआयसोमरेज.

डीएनएला एका वेढ्यात साडेदहा अक्षरं असतात. सेकंदाला १,००० अक्षरं उघडायची म्हणजे सेकंदाला सुमारे ९५ वेढे सुटायला हवेत. घरचा छताचा पंखा पूर्ण वेगात सेकंदाला पाचसहाच फेरे घेतो. ई. कोलायचा डीएनए गोल असल्यामुळे टोक फिरवून पीळ काढायची सोयच नाही. गायरेज हे त्याचं टोपोआयसोमरेज दोन्ही साखळ्या कापतं, त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग पार करतं आणि कापलेलं परत जोडतं. जोडताना दोन्ही टोकं ते स्वतःशी बांधून ठेवतं, सुटू देत नाही. ते १९७६मध्ये मार्टिन गेलर्ट यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. लघवीच्या जंतुसंसर्गावर दिली जाणारी सिप्रोफ्लॉक्सॅसिन नेमकी इथे काम करते. गायरेजने कापल्यानंतर परत जोडायच्या आधीच ती त्याला अडकवते, जीवाणूचा डीएनए तुटका राहतो आणि जीवाणू मरतो. आणि गायरेजमधल्या ८३व्या जागच्या सेरीनऐवजी दुसरं अमिनो आम्ल आलं, म्हणजे डीएनएतलं एक अक्षर चुकलं, तर तो ई. कोलाय औषधाला बरीच कमी दाद देतो. रेप्लिकेशनमधली एक चूक आणि रुग्णाची न उतरणारी तक्रार, यांच्यातलं अंतर एवढंच. म्हणून कुणी चिठ्ठीशिवाय, मनाने ही गोळी घेताना दिसलं की मी गप्प बसत नाही.

आता नोबेल. आर्थर कॉर्नबर्ग यांनी १९५६मध्ये ई. कोलायमधून डीएनए बनवणारं एन्झाइम वेगळं केलं आणि १९५९चं नोबेल त्यांना सेव्हेरो ओचोआ यांच्याबरोबर मिळालं. परीक्षानळीत साचा, चार न्यूक्लिओटाइड आणि एक प्रथिन टाकलं की डीएनए बनतो, हे त्याआधी कुणी दाखवलं नव्हतं. पण त्याचा वेग बघ. सेकंदाला वीसेक अक्षरं. एका फोर्कला २३ लाख अक्षरं लिहायची तर १ लाख १५ हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ ३२ तास. आणि ई. कोलाय तर वीस मिनिटांत दुप्पट होतो.

१९६९मध्ये जॉन केर्न्स आणि पॉला डे लुशिया यांनी उत्परिवर्तन घडवलेल्या जीवाणूंच्या हजारो वसाहती एकेक करून तपासल्या आणि एक असा जीवाणू शोधला ज्यात कॉर्नबर्गच्या एन्झाइमचं काम जवळजवळ शून्य होतं. तो मजेत वाढत होता. फक्त अतिनील किरण सोसत नव्हता. म्हणजे रोजच्या रेप्लिकेशनचं मुख्य एन्झाइम वेगळंच असणार आणि हे दुरुस्तीला उपयोगी पडत असणार. त्या जनुकाचं नाव पोल-ए आहे, ते उच्चारून बघ. पॉला! पुढच्या दोन वर्षांत पॉलिमरेज २ आणि ३ सापडली, आणि ती शोधणाऱ्यांत माल्कम गेफ्टर यांच्याबरोबर कॉर्नबर्ग यांचाच मुलगा टॉमस होता.

मग नोबेल चुकलं का? माझ्या मते अजिबात नाही. बक्षीस डीएनए कसा बनतो याची यंत्रणा दाखवल्याबद्दल होतं, आणि साचा, प्रायमर, ३' हायड्रॉक्सिल ही सगळी भाषा त्याच एन्झाइमने आपल्याला शिकवली. शिवाय पॉलिमरेज १ आजही प्रत्येक ओकाझाकी तुकड्यावर हजर असतं. पुढचा आरएनए प्रायमर ५' बाजूने कुरतडत काढायचा आणि मागे डीएनए भरत जायचं, ही दोन कामं एकदम ते करतं. केर्न्सचा जीवाणू जगला त्याचं एक कारण असं की त्याच्यात ही कुरतडण्याची क्षमता शिल्लक होती. शेवटी दोन तुकड्यांमध्ये एकच बंध जोडायचा उरतो, तो लायगेज जोडतं.

वीस मिनिटांत दुप्पट आणि रेप्लिकेशनला चाळीस, हे गणित कसं बसतं, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तोंडी परीक्षेत हमखास येतो. पहिली फेरी संपायच्या आधीच ओरी-सीवर पुढची फेरी सुरू होते. लेक जन्माला येते तेव्हा नातीच्या डीएनएची तयारी तिच्या पोटात आधीच चालू झालेली असते.

इतकं सगळं होऊनही काही चुका राहतातच. माझे काका नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. शिशाचे खिळे जुळवणारा जुळारी अनुभवी असेल तर चुकीचा खिळा बोटाला लागताच तिथल्या तिथे बदलायचा. ही पॉलिमरेजची स्वतःची तपासणी. त्यातून सुटलेल्या चुका काकांच्या टेबलावर यायच्या. त्यांच्या डाव्या हाताला लेखकाचं हस्तलिखित असायचं, उजवीकडे ओलं प्रूफ. मूळ प्रत कोणती, हे बघताक्षणी कळायचं. पेशीला ते कसं कळणार? ए समोर सी बसलाय, तर चुकलंय कोण? दोन्ही साखळ्या दिसायला सारख्याच. ई. कोलायमध्ये डॅम नावाचं एन्झाइम जी-ए-टी-सी या अक्षरक्रमातल्या ए वर मिथाइलची खूण करतं. जुन्या साखळीवर ही खूण असते. नव्या साखळीवर काही मिनिटं नसते. तेवढ्या अवधीत म्यूट-एस चुकीची जोडी शोधतं, म्यूट-एल मध्यस्थी करतं आणि म्यूट-एच खूण नसलेली, म्हणजे नवीच साखळी कापतं. तो भाग काढून परत लिहिला जातो.

आकडे सांगायचे तर नुसत्या अक्षर निवडण्यात साधारण लाखात एक चूक. तिथल्या तिथे खोडल्यावर सुमारे कोटीत एक. आणि ही शेवटची तपासणी झाल्यावर १०० कोटी ते १,००० कोटी अक्षरांत एक. आपल्यात मिथाइलची खूण वापरत नाहीत. नव्या साखळीतल्या तुकड्यांच्या फटी आणि क्लॅम्पची बसण्याची दिशा यांवरून नवी साखळी ओळखली जाते. प्रथिनं मात्र त्याच घराण्यातली, एमएसएच-२ आणि एमएलएच-१. ही जनुकं जन्मतः बिघडलेली असतील तर लिंच सिंड्रोम होतो, त्या कुटुंबांत मोठ्या आतड्याचा कर्करोग तरुण वयात दिसतो. कुटुंबाचा इतिहास विचारताना आम्ही "आत्याला, काकाला, आजोबांना काय झालं होतं, कोणत्या वयात?" असं खोदून विचारतो ते यासाठी.

माणसाच्या पेशीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तत्त्वं तीच आहेत, नावं बदलतात. हेलिकेजचं काम सीएमजी करतं (केंद्रात एमसीएम २ ते ७, सोबत सीडीसी-४५ आणि जिन्स). एसएसबीच्या जागी आरपीए, बीटा क्लॅम्पच्या जागी पीसीएनए, लोडर आरएफसी. प्रायमर पॉलिमरेज अल्फा घालतं, लीडिंग साखळी मुख्यतः एप्सिलॉन लिहितं, लॅगिंग डेल्टा. प्रायमरचा तुकडा एफईएन-१ कापतं. इथे वेग सेकंदाला पन्नासेक अक्षरं. आपलं पहिलं गुणसूत्र सुमारे २५ कोटी अक्षरांचं आहे. मधल्या एकाच जागेपासून सुरू केलं तर ते पुरं व्हायला जवळजवळ महिना लागेल! प्रत्यक्षात सगळा डीएनए आठेक तासांत होतो, कारण सुरुवातीच्या जागा हजारो असतात. त्यातली एकही जागा एका फेरीत दोनदा सुरू होऊ नये, म्हणून एमसीएम चढवायची मुभा फेरी सुरू होण्याआधीच असते, नंतर नाही. आणि गुणसूत्रं गोल नसल्यामुळे लॅगिंग साखळीचा शेवटचा प्रायमर काढल्यावर तिथे भरायला मागे टोकच उरत नाही, गुणसूत्र थोडं आखडतं. जननपेशींत टेलोमरेज स्वतःबरोबर आणलेल्या आरएनएचा साचा वापरून ती टोकं परत वाढवतं. त्याबद्दलचं नोबेल २००९चं.

शेवटी प्रॅक्टिकलचं, कारण पुढच्या सत्रात तुला पीसीआर आहे. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या नळीत असंख्य प्रती काढायची पद्धत, ही यातल्या बहुतेक प्रथिनांना दिलेली सुट्टी. हेलिकेज आणि गायरेजचं काम ९५ अंशांची उष्णता करते. प्रायमेजऐवजी आपण विकतचा प्रायमर घालतो. दोन्ही साखळ्यांवर स्वतंत्र प्रायमर असल्यामुळे लॅगिंगचा प्रश्नच उरत नाही, म्हणून लायगेजही नको. राहतं एकटं पॉलिमरेज, तेही गरम पाण्याच्या झऱ्यांतल्या थर्मस ॲक्वाटिकस या जीवाणूचं, टॅक. २०२०मध्ये अख्ख्या शहराच्या तोंडी आरटीपीसीआर होतं, त्याचा गाभा हाच. टॅकला खोडायची सोय नाही. निदानासाठी चालतं, पण जनुक क्लोन करायचं असेल तर पीएफयूसारखं तपासणारं पॉलिमरेज घे.

आणि दिशा. प्रयोगशाळेतल्या पहिल्या वर्षी मी रिव्हर्स प्रायमर शोधनिबंधातल्या अक्षरक्रमावरून जसाच्या तसा उतरवून मागवला होता. तेव्हा प्रायमर यायला पंधरावीस दिवस लागत. आल्यावर आठवडाभर रोज संध्याकाळी जेल यूव्हीखाली धरायचे. मार्करच्या पट्ट्या लख्ख, माझ्या रकान्यांत काळोख. मॅग्नेशियम बदललं, तापमान बदललं, साचा नवा काढला. शेवटी माझ्या गाइडनी एक शब्द न बोलता कागदावर दोन रेघा आणि दोन बाण काढले. माझे दोन्ही प्रायमर एकाच साखळीवर बसत होते आणि दोन्ही बाण एकाच बाजूला तोंड करून होते.

तेव्हा मागणी नोंदवण्याआधी हे कर. वरच्या साखळीचा शेवट ५' ए-टी-जी-सी-सी-ए ३' असेल तर आधी समोरची अक्षरं लिही: टी-ए-सी-जी-जी-टी. ही ३' कडून ५' कडे वाचली जात आहेत. आता उलटी कर: ५' टी-जी-जी-सी-ए-टी ३'. हा तुझा रिव्हर्स प्रायमर. दोन्ही प्रायमरांच्या ३' टोकांवर बाण काढ, ते एकमेकांकडे तोंड करून आहेत का बघ, आणि मगच यादी ऑफिसात दे.